लावा की, साहेब

उत्तम, तू गेलास तेव्हा अण्णासाहेबांचं भाषण चालू होतं. ते थांबलं नाही, कारण व्यासपीठावर डोळे मिटून बसणं हा आपल्या महाविद्यालयात मृत्यूचा पुरावा मानला जात नाही. तू व्यासपीठावर मागच्या रांगेत होतास, गळ्यात हार, मांडीवर नारळ. मी समोर बसलो होतो. तुझ्या कपाळावरचा घाम मला खालून दिसत होता. मी हातानं खूण केली, बाहेर चल. तू मान हलवलीस आणि तळहात खाली दाबलास: चालू द्या. संस्था उभी करताना अण्णासाहेबांनी काय काय सोसलं ही कथा तेव्हा कुठं पहिल्या पत्र्याच्या शेडपर्यंत आली होती. थोड्या वेळानं तुझी मान छातीवर आली. शेजारच्या उपप्राचार्यांनी तुझ्या मांडीवरून घरंगळणारा नारळ वेळेवर पकडला आणि आपल्या नारळाशेजारी ठेवला.

भाषण संपलं तेव्हा टाळ्या झाल्या. तू वाजवल्या नाहीस, तेव्हा लोकांना शंका आली.

डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. डॉक्टर हे वाक्य सगळ्यांनाच देतात, पण तुझ्या बाबतीत ते मला खरं वाटतं. तू उठू शकत होतास. पायऱ्या तुझ्या बाजूलाच होत्या. पण एवढ्या लोकांत, साहेब बोलत असताना उठायचं म्हणजे कसं दिसेल?

शोकसभेत तुला ज्ञानतपस्वी म्हटलं, ऋषितुल्य म्हटलं, आणि भूगोलाच्या मास्तरांनी तर थेट हिमालय म्हटलं. तुला माईक नेहमी खाली करून द्यावा लागायचा, हे ते विसरले. तुझ्या संशोधनानं जालन्याचं नाव सातासमुद्रापार नेलं, असंही कुणी तरी म्हणालं. ते संशोधन नगरपालिकेच्या हद्दीबाहेर का गेलं नाही, हे ज्यांच्या डोळ्यांदेखत ठरलं असे दोघं त्या सभागृहात होते. त्यातले एक म्हणजे संस्थेचे सचिव अण्णासाहेब; त्यांनी प्रयोगशाळेला तुझं नाव द्यायचा ठराव मांडला. दुसरा मी. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर घसा बसलाय म्हणालो. मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि श्रद्धांजलीत ती सोय नसते. म्हणून हे लिहितोय.

आपण एकाच वर्षी या कॉलेजात लागलो. तू टेंभुर्णीहून आलेला प्राणिशास्त्राचा, मी मराठीचा. आयुष्यात एक कविता केली नाही तरी तू मला कवी म्हणायचास. भोकरदन नाक्याजवळ आपल्या भाड्याच्या खोल्या समोरासमोर होत्या. तुझ्या खोलीत तू, कमलवहिनी आणि पाली राहायच्या. वनस्पती तुपाच्या डब्यांना भोकं पाडून तू त्यात पाली ठेवायचास, आणि डबे ठेवायला घरात एकच फळी होती, ती स्वयंपाकघरात. वहिनी डाळीचा डबा समजून पालीचा उघडायच्या. पहिल्या वर्षी ओरडायच्या. नंतर ओरडणं बंद झालं आणि बोलणं सुरू झालं.

"भाऊजी, बघा यांचा संसार," त्या मला एकदा तुझ्यासमोरच म्हणाल्या. "घरात लेकराचा पत्ता न्हाई, आन् पालीच्या शेपट्या वाढून राह्यल्या."

तू हसलास. तुला वाटलं त्या शेपट्यांबद्दल बोलतायत.

तुला त्या शेपट्यांचंच वेड होतं. पाल शेपूट टाकून पळते हे सगळ्या गावाला ठाऊक. पुढं ती पुन्हा येते हेही ठाऊक. पण त्या नव्या शेपटीत मज्जारज्जूचा दोर पुन्हा कुठून येतो, असा प्रश्न जालन्यात पडलेला तूच एक. पुस्तकं सांगत होती की मेंदूची आणि मज्जारज्जूची पेशी एकदा मेली की मेली. तू म्हणायचास, मंग पाल पुस्तक वाचत न्हाई वाटतं.

"बी राखून ठेवलेलं असतंय, कवी," तू सांगायचास. "मज्जारज्जूच्या आत बारीक नळी असती. तिच्या अस्तरात काही पेशी नुसत्या बसून राह्यतात. काम न्हाई, धंदा न्हाई. शेपूट तुटली की जाग्या होतात, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार." जालना हे बियाणं कंपन्यांचं गाव. तुला दुसरी उपमा सुचणार तरी कुठून?

आता या पेशींना मूळपेशी म्हणतात, स्टेम सेल म्हणतात, आणि वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्या सगळे रोग बरे करतात. तेव्हा त्यांना आपल्या कॉलेजात कुणी काहीच म्हणत नव्हतं. पालीवर अधिकृत ग्रंथ एकच उपलब्ध होता, तो म्हणजे पंचांग. पाल डोक्यावर पडली तर काय आणि खांद्यावर पडली तर काय, एवढं स्टाफरूममध्ये प्रत्येकाला येत होतं.

आणि तुझा हट्ट असा की पेशीला रंग द्यायचा नाही. प्राणिशास्त्रात काचेवरच्या पेशी नुसत्या बघितल्या तर पाण्यासारख्या दिसतात, म्हणून त्यांना निळा-गुलाबी रंग देतात. परीक्षेला मार्क रंगावर. तुमचे विभागप्रमुख तर रंगाच्या खाली काही आहे की नाही हेही बघायचे नाहीत. तू पोरांना शिकवायचास तसंच, पण माझ्याशी वेगळं बोलायचास.

"रंग पचवायला पेशी आधी मारावी लागती. मढ्याचा फोटो काढायचा आन् म्हणायचं, बघा, माणूस कसा चालतो."

"मग बिनरंगाचं दिसणार कसं?"

"उन्हाळ्यात रस्त्यावर झळा दिसतात का?"

"दिसतात."

"हवा दिसती का?"

"नाही."

"मंग काय दिसतं? मागचं झाड हलताना दिसतं. उजेडाचं तसंच हाये. जाड जागेतून जरा रेंगाळत येतो, पातळ जागेतून जल्दी निघतो. आपल्या डोळ्याला ते रेंगाळणं कळत न्हाई. फेज कॉन्ट्रास्टचं मशीन त्याची सावली पाडतं. पेशीला हात न लावता पेशी दिसती. जिती."

मराठी शिकवण्यात माझी वर्षं गेली, पण इतकं स्वच्छ मराठी मी वर्गात बोललो नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. तू हुरळला असतास.

ते सूक्ष्मदर्शकाचं मशीन आपल्याकडं होतं, हाच चमत्कार. कुठल्या तरी अनुदानाचा पैसा वर्ष संपायच्या आत खर्च करायचा होता, आणि यादीत सगळ्यात महाग तेच होतं. आल्या दिवशी अण्णासाहेबांनी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि ते काचेच्या कपाटात ठेवलं. किल्ली त्यांच्याकडं. पाहुण्यांना ते लांबून दाखवलं जायचं. तू किल्ली मागायला त्यांच्या घरी जायचास, ओट्यावर बसायचास, चहा व्हायचा, त्यांच्या मुलाच्या वह्या तपासायचास आणि मग किल्ली मिळायची. मी म्हणायचो, अर्ज कर, ते कॉलेजचं यंत्र आहे. तू म्हणायचास, "अर्ज केला तर मिळंल, पन साहेबांना वाईट वाटंल."

इथूनच आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही, आणि आता एकट्यालाच चालवावं लागणार.

मज्जारज्जूच्या तुकड्याला जिवंत ठेवायची तुझी कृती मी इतक्यांदा पाहिली की मला स्वयंपाकापेक्षा जास्त येते. नव्या शेपटीतून मज्जेचा कण काढायचा. कोंबडीच्या रक्तातलं पिवळं पाणी आणि अंड्यातल्या गर्भाचा रस यांचा थेंब कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ काचेवर घ्यायचा, त्यात तो कण ठेवायचा. मग खळगा असलेल्या जाड काचेवर ती पातळ काच उलटी ठेवायची, म्हणजे थेंब खळग्यात लटकून राहतो. कडा मेणानं बंद. सगळं एका पेटीत, बल्बच्या उबेला. वीज गेली की पेटी थंड, नाही गेली तर बुरशी. तू पुन्हा सुरू करायचास. पुन्हा पाली, पुन्हा डबे, पुन्हा वहिनी.

तेव्हाच तू हैदराबादच्या त्या मॅडमना पत्र लिहिलंस. मॅडम मूळच्या पुण्याच्या, तिकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत मज्जेच्या पेशींवर काम करायच्या. त्यांनी उत्तर दिलं, हेच मला नवल वाटलं. लिहिलं होतं की औरंगाबादहून परतताना जालन्याला उतरेन, दुपारभर थांबेन. अस्तरातली पेशी जिवंत विभागताना दाखवलीत तर माझ्याकडं जागा आहे, राहायचीही सोय आहे. पण रंग दिलेलं काहीही दाखवू नका, तसलं माझ्याकडं कपाटभर आहे.

ते पत्र वाचून तुझ्यापेक्षा वहिनी बदलल्या. हैदराबादेत मूल न होणाऱ्यांसाठी एक डॉक्टरीणबाई आहे, असं त्यांच्या घनसावंगीच्या बहिणीनं सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं, "तिकडं मराठी बोललेलं समजतंय का हो?" मी म्हणालो, "तुमच्या माहेरचं अर्धं बोलणं तिकडूनच आलंय." त्या पालीच्या डब्यांवरची भोकं स्वतः मोठी करायला लागल्या, की जनावर गुदमरू नये.

आणि नवरात्रात ते झालं. मी वर्गावर होतो. तू दारात येऊन उभा राहिलास, पोरांना हातानंच "बसा" म्हणालास आणि मला दंडाला धरून नेलंस. प्रयोगशाळेत ऊन यायचं, म्हणून खिडकीला तू घोंगडी लावली होतीस. मी डोळा लावला.

"थुंकी पडल्यासारखं दिसतंय," मी म्हणालो.

"गप बघ."

मी बघत राहिलो. करड्या उजेडात करड्या कडा. एका बाजूला बारीक केस लवलवत होते, वाऱ्यावर गवत लवावं तसे. तू म्हणालास, तेच अस्तर, त्या केसांवरूनच ओळखायचं. त्यांच्या शेजारची एक पेशी हळूहळू गोल व्हायला लागली. कडेला चकाकी आली. मधला गढूळपणा आडवा गोळा झाला, एक काळसर पट्टी झाली, आणि ती पट्टी दोन बाजूंना सरकली. मी डोळा काढला नाही. चहा आला आणि गार झाला. मग तिला कंबर आली, कंबर बारीक झाली, आणि एका जागी दोन होत्या. कुणी हात लावला नव्हता, रंग दिला नव्हता. आपलं काम करून त्या दोघी पुन्हा पसरायला लागल्या.

मी मान वर केली तेव्हा तू यंत्राकडं बघत नव्हतास. माझ्या तोंडाकडं बघत होतास.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मंग झालं," तू म्हणालास. "आता हे झालं."

माझ्या आयुष्यात थोर म्हणावं असं मी तेवढंच पाहिलंय. बाकीचं सगळं मला कुणी तरी भाषणातून सांगितलेलं आहे. त्या दुपारबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि म्हणूनच पुढचं तुला माफ करता येत नाही.

मॅडम येणार तो दिवस खंडेनवमीचा निघाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं हत्यारं पूजतात. कॉलेजात हत्यारं म्हणजे टाइपरायटर, शिपायाची घंटा, जिमखान्यातले डंबेल्स, हार्मोनियम आणि अण्णासाहेबांची जीप. माझ्या विभागाला हत्यार नाही म्हणून शब्दकोश ठेवला होता. किल्ली मागताना तू अण्णासाहेबांना मॅडमचं सांगितलंस. झालं. मांडव आला, सनई आली, "संशोधन केंद्राचा शुभारंभ" अशी पाटी आली. तुझं मशीन मध्यभागी, झेंडूच्या माळेत.

मी सकाळी तुला सांगितलं होतं, निदान ती काच पेटीत राहू दे. तू म्हणालास, "साहेब म्हणले, केंद्राचा शुभारंभ हाये तर संशोधनबी मांडा." त्या वेळी तुझ्याकडं जगलेली काच ती एकच होती, बाकीच्यांवर बुरशी आलेली. त्यात पेशी अजून विभागत होत्या, तू तासाभरापूर्वीच पाहिलं होतंस. तू ती पितळेच्या ताटलीत ठेवलीस, आणि ताटली हातात धरून उभा राहिलास.

अण्णासाहेब एकेका वस्तूला हळद-कुंकू लावत आले. जीपला लावलं, डंबेल्सना लावलं, शब्दकोशाला लावलं. तुझ्यापुढं थांबले.

"हे काय, सर?"

"पेशी हायेत साहेब, पालीच्या मज्जेच्या. जित्या."

"जित्या? या एवढ्याशा काचंत?"

"हो साहेब."

अण्णासाहेब वाईट माणूस नाहीत. हे मी कष्टानं लिहितोय. त्यांनी हात मागं घेतला, अंगठ्याला कुंकू तसंच, आणि विचारलं, "मंग यालाबी लावू का? का नको? तुम्ही सांगा."

सनई थांबली होती. सगळे ऐकत होते. तू माझ्याकडं बघितलंस. मी मान हलवली, अगदी उघड, नाही म्हणून. माझ्या शेजारच्या बाईंनीही ते पाहिलं.

तू म्हणालास, "लावा की, साहेब."

त्यांनी लावलं. शेतकऱ्याचा अंगठा, त्यांनी टेकवला तरी तो दाबल्यासारखाच. दाताखाली जिरं फुटावं एवढाच आवाज झाला. साहेब अंगठा बघायला लागले, "काच लागली का काय?" आणि तू, उत्तम, ताटली खाली ठेवून खिशातला रुमाल काढलास आणि त्यांचा अंगठा पुसलास. काचेकडं नंतर बघितलंस.

मॅडम दुपारच्या गाडीनं आल्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, हार घ्यायला नकार. सरळ मशीनपाशी गेल्या. तू फुटकी काच तशीच खाली सरकवलीस; का, ते मला आजही कळलेलं नाही. मॅडमनी डोळा लावला.

"हे लाल काय आहे?"

तू साहेबांकडं बघितलंस. अण्णासाहेब त्यांच्या शेजारी उभे होते, कौतुकानं.

"रंग दिलायत का तुम्ही याला?"

"हो, मॅडम."

मी पुढं झालो. "मॅडम, ती काच सकाळी—"

"कवी, तू गप," तू म्हणालास, आणि मॅडमकडं बघून हसलास. "हे मराठीचे हायेत."

सगळे हसले. मॅडमसुद्धा जरा हसल्या. मग त्यांनी तुझ्याकडं वळून विचारलं, "मी पत्रात काय लिहिलं होतं?"

"रंग देऊ नका म्हणून."

"मग का दिलात?"

"दिसावं म्हणून, मॅडम."

त्या मशीनपासून बाजूला झाल्या. पोहे घेतले, चहा घेतला, संध्याकाळच्या गाडीला गेल्या. स्टेशनवर सोडायला अण्णासाहेबांची जीप होती. हळद-कुंकू लावलेली.

मी तुला किती वेळा म्हटलं, पुन्हा कर, पुन्हा लिही त्यांना, खरं काय झालं ते लिही. तू म्हणायचास, करतो. पाली हळूहळू कमी झाल्या. डब्यांत पुन्हा डाळ आली. एकदा मी फारच लागून राहिलो तेव्हा तू चिडलास.

"नोकरी दिली तवा साहेबांनी मला गाव विचारलं न्हाई, जात विचारली न्हाई, पैसा विचारला न्हाई. एवढ्या लोकांत त्यांचा हात मागं लोटू का मी?"

"लोटायचा नव्हता. त्यांनी स्वतःच मागं घेतला होता."

"तू न्हाई म्हणला असता का?"

"म्हणालो असतो."

"म्हणूनच अजून तिथंच हायेस," तू म्हणालास. तू तोवर विभागप्रमुख झाला होतास.

तुझी भरभराट झाली. रंग दिलेल्या काचांची परीक्षा तू घ्यायला लागलास, आणि फिका रंग आला की मार्क कापायला लागलास. शाली जमल्या. मूळपेशींची चर्चा सुरू झाली तेव्हा मंठ्याच्या व्याख्यानमालेत तुला बोलावलं. मी मुद्दाम बसनं आलो. तू तासभर बोललास, परदेशात कुणी काय पाहिलं ते सगळं सांगितलंस, आणि तू स्वतः काय पाहिलंस ते एका वाक्यानंही नाही. परतीच्या जीपमध्ये मी काही बोललो नाही. तूही नाही. तो अबोला मला तुझ्या सगळ्या भाषणांपेक्षा जवळचा वाटला.

आणि तरीही, माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मी तुझ्याच दारात आलो. औरंगाबादच्या दवाखान्यात कुणी तरी राहायला हवं होतं. मी वाक्य पुरं करायच्या आत तू "हो" म्हणालास, आणि शर्ट घालायला लागलास. तू तिच्या उशाशी बसायचास, तिचा मेलेला हात मांडीवर घेऊन एकेक बोट उघडायचास, मिटायचास. ती विचारायची, "उत्तमा, येईल का रे यात जीव?" तू म्हणायचास, "येईल की, काकू. आत बी असतंय. जागं व्हायला टाइम लागतो." ती गेली तेव्हा तिच्या करंगळीत थोडं चलनवलन आलं होतं. ते तुझ्यामुळं, का आपोआप, मला माहीत नाही. तुझा "हो" मला हवा होता तेव्हा मी त्याला नावं ठेवली नाहीत. माणूस असाच सोयीचा असतो. पण माझ्या आईचा हात आणि ती काच यांत फरक आहे, आणि तो तुलाही कळत होता. मंठ्याच्या त्या जीपमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतास, ते काही कापूस बघत नव्हतास.

काल तुझ्या घरी गेलो. अण्णासाहेबांचा निरोप होता की तेराव्याला ते येतील, वहिनींना शाल देतील, आणि प्रयोगशाळेच्या नावाचं तिथंच जाहीर करतील. थकलेत ते आता. निरोप देताना त्यांचे डोळे खरोखर ओले होते.

वहिनी गहू निवडत बसल्या होत्या. मी निरोप सांगितला.

"त्यांना म्हणावं, उंबरा चढू नका," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "इतकी वर्षं त्या घरचं पाणी पेले न्हाई मी. सवाशीण म्हणून बोलावलं, गेले न्हाई. आता रांडाव झाल्यावर शाल घेऊ का?"

"ते दुखावतील."

"दुखावू द्या. माझं हैदराबाद त्या अंगठ्याखाली गेलं, भाऊजी. सगळंच गेलं. यांना एक शब्द बोलायची सवड दिली न्हाई त्या माणसानं. हे तोंड उघडायच्या आत दाबून मोकळा."

हे तू तिला असं सांगितलं होतंस, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माझं गप्प राहणं जरा लांबलं असावं.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "काय झालं?"

"काही नाही."

"तुम्ही तिथं होता ना?"

"होतो."

"मंग असं तोंड करून काय बसलात? सांगा, काय झाल्तं?"

तुझ्यासाठी खोटं बोलायला मला हरकत नव्हती. पण तुझं खोटं आधीच तिथं बसलेलं होतं, आणि त्यानं एका बाईला इतकी वर्षं एका माणसाचा द्वेष करायला लावला होता. ती तुझा नाही, त्याचा द्वेष करत होती. त्या बळावर तिनं तुला जेवायला वाढलं, तुझ्या शाली घड्या घालून ठेवल्या. मी सांगितलं. जसं झालं तसं. अण्णासाहेबांनी हात मागं घेतला होता, हे सांगितलं. काय विचारलं ते सांगितलं. तू काय म्हणालास ते सांगितलं.

वहिनींनी गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. रडल्या नाहीत. तुझ्यासाठीचं रडणं तोवर झालेलं होतं.

"विचारलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लावू का नको, असं?"

"असंच."

त्यांनी सूप उचललं, दोनदा पाखडलं आणि पुन्हा मांडीवर घेतलं.

"मंग येऊ द्या अण्णासाहेबांना," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलं तरी होतं."